मदत हवी आहे: जोसाची (आयआयटी-एनआयटी प्रवेशाची) यादी परवा लॉक करायची आहे, आयएसआयची (भारतीय सांख्यिकी संस्थेची) शक्यता किती धरावी?

अविभाज्य
यंदा बारावी झाली. जेईई मेनमध्ये ९९.३ पर्सेंटाइल आहे, ॲडव्हान्स्डची रँक चौदा हजारांच्या आसपास आहे, एमएचटी-सीईटीमध्ये ९९.८ मिळाले आहेत आणि मे महिन्यात आयएसआयची लेखी परीक्षाही दिली आहे. तिच्यातले चार प्रश्न पूर्ण सुटले, दोन अर्धवट. त्या परीक्षेचा निकाल अजून लागलेला नाही, आणि जोसाची पसंतीयादी मात्र परवा संध्याकाळपर्यंत लॉक करायची आहे. ओढ गणिताकडे आहे. घरच्यांना अभियांत्रिकी हवी आहे. आयएसआयला प्रवेश मिळण्याची शक्यता किती, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे. 'मनाला विचार' असे कृपया कोणी सांगू नये. मनाला विचारून झाले आहे.

नागपुरी_अभियंता
बंधो, बारावी महाराष्ट्रातून झाली असेल तर व्हीएनआयटीच्या (नागपूरच्या एनआयटीच्या) निम्म्या जागा गृहराज्याच्या कोट्यातल्या आहेत, याचा हिशेब तू केला आहेस का? मेनला अलीकडे चौदा-पंधरा लाख विद्यार्थी बसतात, म्हणजे ९९.३ ला देशपातळीवरचा क्रमांक साधारण दहा हजार येतो. जोसाच्या संकेतस्थळावर मागील वर्षांचे सुरुवातीचे आणि शेवटचे क्रमांक फेरीनिहाय दिलेले आहेत. ते गृहराज्याच्या रकान्यात पाहा आणि नागपूरचे इलेक्ट्रॉनिक्स वर टाकून मोकळा हो. मी स्वतः तिथलाच आहे.

जुना_सांख्यिक
प्रश्न आयएसआयचा आहे, नागपूरचा नाही. मात्र मूळ प्रश्नात दिलेल्या माहितीवरून कोणालाही शक्यता सांगता येणार नाही. 'चार पूर्ण, दोन अर्धवट' हे दुपारच्या वर्णनात्मक पेपरचे झाले. सकाळच्या बहुपर्यायी पेपरचे काय? त्यात ठरावीक गुणरेषा ओलांडली नाही, तर दुपारचा पेपर तपासलाच जात नाही. शिवाय 'पूर्ण सुटले' म्हणजे उत्तर आले, की सिद्धतेतली प्रत्येक पायरी लिहिली? ऑलिम्पियाडमध्ये कुठपर्यंत मजल गेली होती? आयएनएमओचा (राष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडचा) पुरस्कार असता तर लेखी परीक्षेशिवाय थेट मुलाखतीला बोलावणे आले असते, त्यामुळे तो नसावा असे गृहीत धरतो. आणि अर्जात पहिली पसंती कोलकात्याच्या बी.स्टॅट.ला (संख्याशास्त्राची पदवी) दिली आहे, की बंगळूरच्या बी.मॅथ.ला (गणिताची)?

अविभाज्य
सकाळच्या तीस प्रश्नांपैकी सव्वीस सोडवले. घरी आल्यावर ताडून पाहिले तेव्हा तेवीस बरोबर निघाले. आरएमओ (ऑलिम्पियाडची प्रादेशिक फेरी) उत्तीर्ण आहे, आयएनएमओला बसण्यापलीकडे काही झाले नाही. पहिली पसंती बी.मॅथ. सिद्धता लिहिल्या आहेत; एका प्रश्नात गणिती विगमनाची पायाभूत पायरी लिहायची राहिली असावी. आता शक्यता सांगाल का?

जुना_सांख्यिक
बरोबर उत्तराला चार, कोऱ्या सोडलेल्याला एक आणि चुकीच्याला शून्य, म्हणजे तेवीस चोक ब्याण्णव अधिक चार, एकूण १२० पैकी ९६. सकाळच्या पेपरची काळजी मी करणार नाही. दुपारच्या आठांपैकी चार नेटक्या सिद्धता असतील तर मुलाखतीचे बोलावणे येईल अशी आशा मी धरली असती. परंतु अंतिम निवड दोन्ही पेपर आणि मुलाखत मिळून होते आणि जागा थोड्या असतात. टक्केवारी सांगणारा भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

वसंतकाका
मी तीस वर्षे कारखानदारीत आहे. निव्वळ गणित आणि संख्याशास्त्र शिकलेली पुष्कळ मुले अखेर बँकेच्या परीक्षा देताना पाहिली आहेत. ९९.८ पर्सेंटाइल असताना १८५४ पासून चालत आलेले आणि २०२२ पासून स्वतंत्र विद्यापीठ झालेले पुण्याचे सीओईपी (जुने शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय) डोळ्यांसमोर असताना कोलकात्याचा विचार तरी का करावा? तिथली हवा आपल्याकडच्या मुलांना मानवत नाही, खानावळीत रोज मासे असतात.

जुना_सांख्यिक
काका, मासे खाणे सक्तीचे नाही, आणि पहिली पसंती बंगळूरला आहे. आयएसआयमध्ये शिकवणी शुल्क नाही आणि वर दरमहा विद्यावेतन मिळते. माझ्या वर्गातले निम्मेअधिक लोक संशोधनात किंवा वित्तक्षेत्रात आहेत. बँकेच्या खिडकीवर कोणी नाही. अभ्यास कठोर असतो आणि वर्ष वाया जाणारेही दिसतात, ही बाजू मात्र खरी आहे आणि ती या मुलाने आधीच लक्षात घ्यावी.

वसंतकाका
ज्यांचे वर्ष वाया गेले ते कुठे आहेत, तेही सांगा की.

मधुरा_आई
माझ्या लेकीच्या वेळी आम्ही याच गोंधळातून गेलो आहोत, म्हणून दोन साधे प्रश्न विचारते. एक म्हणजे प्रवर्ग कोणता? दुसरे, सर्वजण 'बंधो' आणि 'मुलगा' म्हणत आहेत, पण मूळ लेखनात तसे कुठेच दिसत नाही. आयआयटी आणि एनआयटीमध्ये २०१८ पासून मुलींसाठी अधिसंख्य (नेहमीच्या जागांवर वाढवलेल्या) जागा आहेत, त्यांचे शेवटचे क्रमांक वेगळ्या रकान्यात असतात आणि दोन रकान्यांतले अंतर कित्येकदा बरेच मोठे असते. आणि हो, बारावीची टक्केवारी काय?

अविभाज्य
मी मुलगी आहे, सांगलीची. प्रवर्ग खुला, ईडब्ल्यूएस नाही. बारावीला ७३.८३ टक्के आहेत, पण वर्षभर प्रवेशपरीक्षांचाच अभ्यास केल्यामुळे ते तसे आहेत. प्रवेश बारावीच्या गुणांवर नसल्यामुळे मी ते लिहिले नाही.

नागपुरी_अभियंता
ताई, आधीच्या संबोधनाबद्दल क्षमस्व. परंतु ७३.८३ असतील तर आतापर्यंतची आमची सगळी चर्चा वाऱ्यावर गेली. जोसामधून आयआयटी किंवा एनआयटी मिळवायची तर खुल्या प्रवर्गाला बारावीत किमान ७५ टक्के हवेत, नाहीतर आपल्या मंडळाच्या वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये नाव हवे. नागपूरचा विषय संपला.

वसंतकाका
म्हणूनच म्हणतो, सीओईपी. राज्याच्या कॅप (केंद्रीय प्रवेश) फेरीला खुल्या प्रवर्गात पीसीएमचे (भौतिक-रसायन-गणिताचे) ४५ टक्के पुरेसे असतात, आणि मुलींना तीस टक्के आरक्षणही आहे. श्रेणीसुधार परीक्षेलाही बसता येईल.

मधुरा_आई
श्रेणीसुधारचा निकाल लागेपर्यंत जोसाच्या फेऱ्या बहुधा उलटून जातात. त्याआधी गुणपत्रिका नीट पाहू या. अविभाज्य, सहाही विषयांचे गुण सांगशील का?

अविभाज्य
इंग्रजी ५८, भौतिकशास्त्र ६८, रसायनशास्त्र ७०, गणित ८९, जीवशास्त्र ६७, माहिती तंत्रज्ञान ९१. एकूण ६०० पैकी ४४३.

मधुरा_आई
तर मग घाबरू नकोस. ७५ टक्क्यांचा हा निकष सहा विषयांवर मोजत नाहीत, पाच विषयांवर मोजतात: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, एक भाषा, आणि उरलेल्यांपैकी ज्यात सर्वाधिक गुण असतील तो एक विषय. भाषा तुझ्याकडे एकच आहे, म्हणून इंग्रजीचे ५८ घ्यावेच लागतील, पण पाचवा विषय माहिती तंत्रज्ञान होतो आणि जीवशास्त्र गळते. ६८, ७०, ८९, ५८ आणि ९१ मिळून ३७६ होतात, म्हणजे ५०० पैकी ७५.२ टक्के. काठावर का होईना, तू पात्र आहेस. जोसाच्या नियमपुस्तिकेत हा परिच्छेद आहे. तो मुद्रित करून गुणपत्रिकेसोबत ठेव, कारण कागदपत्र पडताळणीत कोणी एकूण टक्केवारीवर बोट ठेवले तर तो दाखवता येईल. आयएसआयला असा ७५ टक्क्यांचा प्रश्न नाही. तिथे गणित आणि इंग्रजी घेऊन बारावी उत्तीर्ण असणे पुरते.

नागपुरी_अभियंता
हे मलाही माहीत नव्हते. मग ताई, नागपूर पुन्हा यादीत घ्या, या वेळी मुलींच्या रकान्यात पाहून.

जुना_सांख्यिक
मूळ प्रश्नाकडे परत येतो. जोसाची यादी लॉक करणे म्हणजे आयएसआय सोडणे नव्हे. जागा मिळाल्यावर स्वीकृती शुल्क भरून 'फ्लोट' (जागा धरून वरच्या पसंतीची वाट पाहणे) निवडता येते, आणि शेवटच्या फेरीच्या आधी ठरावीक मुदतीत जागा सोडल्यास प्रक्रिया शुल्क वजा करून उरलेली रक्कम परत मिळते. ती मुदत वेळापत्रकातून शोधून भिंतीवर लिहून ठेव. तोपर्यंत आयएसआयचा निकाल लागला तर खरी निवड तेव्हा करता येईल.

अविभाज्य
सर्वांचे आभार. म्हणजे परवा फक्त यादी भरायची आहे, निर्णय घ्यायचा नाही, हे बाबांना आज रात्री समजावून सांगते. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची परीक्षाही दिली आहे, तिचाही निकाल यायचा आहे. ते आधी लिहिले नव्हते, कारण प्रश्न फक्त आयएसआयबद्दल होता.

जुना_सांख्यिक
तो पेपर कसा गेला? तिथे बी.एस्सी.ला मुलाखत नसते, लेखी परीक्षेवरच निवड होते. आधी सांगितले असते तर मी सुरुवात तिथून केली असती.

वसंतकाका
चेन्नईला उकाडा फार असतो.