पन्नास टक्के अधिक एक : आयर्लंड जोडायला एवढं पुरे?

सांजवारा (धागाकर्ता)

आपल्याला आयर्लंडचं राजकारण माहीत होतं ते बहुतेक लिओ वराडकरांमुळे. वडील मुंबईचे, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. आयर्लंडचे पंतप्रधान असताना २०१९ च्या डिसेंबरात ते गावी येऊनही गेले. २०२४ ला पद सोडल्यावर ते म्हणू लागले की ब्रिटनमधलं उत्तर आयर्लंड आणि दक्षिणेचं स्वतंत्र आयर्लंड यांचं एकीकरण ही नुसती मनातली इच्छा न राहता सरकारचं उद्दिष्ट व्हायला हवं. इच्छेला माझी हरकत नाही. रीतीला आहे.

१९९८ च्या, हिंसाचार थांबवणाऱ्या गुड फ्रायडे करारानुसार उत्तर आयर्लंडच्या बहुसंख्य मतदारांनी हो म्हटलं आणि दक्षिणेनेही हो म्हटलं, की दोन्ही भाग एक. बहुसंख्य म्हणजे पन्नास टक्के अधिक एक मत. कौल तसा लागेल असं लंडनच्या संबंधित मंत्र्याला वाटलं की त्याने सार्वमत घ्यायचंच. एकदा घेतलं की पुढची सात वर्षं पुन्हा नाही.

पण मुळात ही सीमा आखली कशी? डोकी मोजूनच. आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतात नऊ काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या). नवाच्या नवा घेतल्या तर प्रोटेस्टंटांचं बहुमत काठावरचं, म्हणून डोनेगल, कॅव्हन, मोनाहन सोडल्या आणि सहा ठेवल्या. त्या सहांतल्या फर्मॅना आणि टायरोनमध्ये कॅथलिक जास्त होते, ते फरपटत गेले. डेरी शहरात तर कॅथलिक जास्त असूनही वॉर्ड असे कापले की पालिका कायम युनियनिस्टांकडे, म्हणजे ब्रिटनसोबत राहू पाहणाऱ्या, बहुतेक प्रोटेस्टंट लोकांकडे. १९६८ ला नागरी हक्कांचे मोर्चे निघाले, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, आणि पुढच्या तीस वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली.

२०२१ च्या जनगणनेत कॅथलिक (किंवा तशा घरात वाढलेले) ४५.७ टक्के, प्रोटेस्टंट आणि इतर ख्रिस्ती ४३.५. पारडं फिरलं. आता तोच डोकेमोजीचा खेळ उलट्या बाजूने खेळायचा आणि आठेक लाख लोकांना एका सकाळी सांगायचं, की तुमचा देश बदलला?

तिरकस_रेघ

सपशेल असहमत. शंभर वर्षं बहुमत युनियनिस्टांचं होतं तेव्हा पन्नास अधिक एक म्हणजे लोकशाही, आणि दुसऱ्यांचं व्हायची वेळ आली की डोकेमोजी? वा!

१९७३ ला तिथे सार्वमत झालं होतं. राष्ट्रवाद्यांनी (एकीकरण हवं असलेल्यांनी) बहिष्कार टाकला, ९८.९ टक्के मतं ब्रिटनच्या बाजूने पडली. निम्मा समाज घरी बसलाय, निकाल धरू नका, असं लंडनमध्ये कोणी म्हटलं? ६० टक्क्यांची अट घाला, म्हणजे एकाचं मत दुसऱ्याच्या मतापेक्षा हलकं झालं. करार दोन्हीकडच्या जनतेने मंजूर केलाय, उत्तरेत ७१ टक्क्यांनी आणि दक्षिणेत ९४ टक्क्यांनी. डाव हरायला लागल्यावर नियम बदलणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात ते इथे लिहिलं तर प्रतिसाद उडेल.

घाटमाथा

बेळगाव आठवलं. तिथेही बहुमतच होतं ना? कोणी विचारलं?

तिरकस_रेघ

@घाटमाथा, बेळगावचा खरा धागा वेगळाच आहे. टिळकांनी १९१६ ला होमरूल लीग काढली ती बेळगावात, आणि होमरूलची मागणी आली आयर्लंडमधून. बाकी तुलना नको. एकाच देशातली दोन राज्यं आणि दोन सार्वभौम देश यांत फरक आहे. धागा तिकडे गेला तर परत यायचा नाही.

लगानकाठ

बेलफास्टमध्ये, म्हणजे उत्तर आयर्लंडच्या राजधानीत राहते, म्हणून लिहिते. तुम्ही दोघंही एक धरून चाललाय: कॅथलिक म्हणजे एकीकरणवाला. त्याच जनगणनेत लोकांना राष्ट्रीय ओळखही विचारली होती. फक्त ब्रिटिश ३१.९ टक्के, फक्त आयरिश २९.१, आणि फक्त ‘नॉर्दर्न आयरिश’ १९.८. हा जवळजवळ पाचवा हिस्सा दोन्ही छावण्यांना नीट कळलेलाच नाही, आणि निकाल तोच ठरवणार. २०२२ च्या उत्तरेतल्या विधानसभा निवडणुकीत एकीकरणवाली शिन फेन २७ जागा घेऊन पहिली आली, युनियनिस्टांच्या डीयूपी पक्षाला २५. पण कुठल्याच बाजूचं नाव न घेणाऱ्या अलायन्स पक्षाला १७ मिळाल्या, त्याबद्दल तुमच्यापैकी कोणी बोललं नाही.

माझ्या शेजारची बाई कॅथलिक, आयरिश पासपोर्टवाली, मुलगी गेलिक फुटबॉल (खास आयरिश खेळ) खेळते. तिला विचारलं, मत कुणाला? म्हणाली, “आधी सांग, डॉक्टरला किती पडतील?” इथे डॉक्टरकडे जायला पैसे लागत नाहीत. दक्षिणेत सरकारी वैद्यकीय कार्ड नसेल तर दर खेपेला पन्नास-साठ युरो मोजावे लागतात. झेंड्यावर रात्रभर भांडणारे लोक या प्रश्नाशी आले की घसा खाकरतात.

आणि सीमा म्हणून जे काही आहे ते बघायला या एकदा. दक्षिणेची राजधानी डब्लिनकडून गाडीने येताना रस्त्याच्या कडेची पिवळी पट्टी पांढरी होते, वेगमर्यादा किलोमीटरऐवजी मैलात येते. झालं, आलात उत्तरेत. पासपोर्ट कोणी बघत नाही. पण शहरात शँकिल (प्रोटेस्टंट) आणि फॉल्स (कॅथलिक) या दोन वस्त्यांमध्ये भिंत आहे, पत्र्याने आणि जाळीने आणखी उंच केलेली, आणि तिच्यातली फाटकं रात्री बंद होतात. ही भिंत कुठल्या सार्वमतात येते ते सांगा.

सांजवारा

@लगानकाठ ताई, कॅथलिक म्हणजे एकीकरणवाले असं मी म्हटलं नव्हतं, पण आकडे तसे मांडले हे खरं. पाचव्या हिश्शाचा मुद्दा तर माझ्याच बाजूचा आहे. त्यांना मतपत्रिकेवर नुसतं हो किंवा नाही देऊन भागणार नाही.

@तिरकस, अट ६० ची करा असं मी कुठे लिहिलंय? शेमस मॅलन तर कराराच्या शिल्पकारांपैकी एक, पक्के राष्ट्रवादी. तेही शेवटी म्हणत होते की दोन्ही समाजांतून पुरेशी संमती हवी.

तिरकस_रेघ

मॅलन यांच्याबद्दल आदर आहे. पण दोन्ही समाजांची संमती म्हणजे एकाच्या हातात नकाराधिकार. १९२१ पासून तोच चालू आहे.

कसोटीप्रेमी

आयर्लंडचा क्रिकेट संघ कधीचाच एक आहे की! २०११ ला बेंगळुरूत इंग्लंडला हरवलं (केव्हिन ओ’ब्रायन, ५० चेंडूंत शतक), तेव्हा कर्णधार पोर्टरफिल्ड उत्तरेचा. झेंडा क्रिकेट मंडळाचा, राष्ट्रगीताच्या जागी रग्बीवाल्यांचं ‘आयर्लंड्स कॉल’. आणि कोणाचं काही बिघडलं नाही. (फुटबॉलचे संघ मात्र दोन, हे घ्या लगेच.)

लगानकाठ

@कसोटीप्रेमी, बिघडलं नाही कारण दक्षिणेने तिथे आपला तिरंगा आणि आपलं गीत बाजूला ठेवलं. देशासाठी ठेवतील? पाहण्यांत दक्षिणेतले लोक एकीकरणाला भरभरून हो म्हणतात, आणि झेंडा-गीत बदलायचं का असं विचारलं की त्यातले बरेच मागे सरतात. त्यांना उत्तर आयर्लंड हवंय, उत्तरेतले युनियनिस्ट आले तर येवोत बापडे, अशी एकूण तऱ्हा.

तिरकस_रेघ

हे मान्य. दक्षिणेने आधी काय देणार ते लिहून काढावं. ब्रेक्झिटला उत्तरेत ५५.८ टक्के विरोध होता, तरी बाहेर नेलंच, आणि तेही आराखडा नसताना. ती चूक नको. पण मसुदा करायला युनियनिस्ट पक्ष टेबलापाशी येतच नाहीत. त्यांच्यासाठी किती थांबायचं?

सांजवारा

येतील कसे? डीयूपीचे माजी नेते पीटर रॉबिन्सन २०१८ ला एवढंच म्हणाले की मला एकीकरण होईलसं वाटत नाही, पण तयारी ठेवायला हवी. त्यांच्याच पक्षातले लोक तुटून पडले. म्हणून दक्षिणेने एकटीने मसुदा लिहावा, आणि तो १२ जुलैपासून लिहावा. युनियनिस्टांच्या ऑरेंज मिरवणुकांचा दिवस. उत्तरेत त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. नव्या आयर्लंडमध्ये असेल?

तिरकस_रेघ

द्या की सुट्टी. सुट्टीला कोण नाही म्हणतंय?

सांजवारा

आणि मिरवणूक? २००६ च्या फेब्रुवारीत युनियनिस्टांचा मोर्चा डब्लिनच्या ओ’कॉनेल स्ट्रीटवरून जायचा होता. दंगल उसळली, आणि मोर्चा त्या रस्त्यावर निघालाच नाही.