जुन्या पिकअपच्या मागच्या डिफरेन्शिअलचे ऑइल बदलण्याविषयी

निफाडचा शेतकरी:
नमस्कार. माझ्याकडे 2008 सालची डिझेल पिकअप असून हंगामात तिच्यातून द्राक्षांचे क्रेट आणि एरवी लासलगावच्या बाजार समितीत कांदा जातो. इंजिन ऑइल मी वेळच्या वेळी बदलतो. परंतु मागच्या डिफरेन्शिअलचे (इंजिनची शक्ती मागच्या दोन्ही चाकांना वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याचे) ऑइल आधीच्या मालकाने कधी बदलले होते का, याची नोंद नाही. सध्या ताशी 60 च्या आसपास मागून गुणगुण ऐकू येते आणि ॲक्सिलरेटर सोडला की तिचा सूर बदलतो. आमच्याकडच्या मेकॅनिकचे म्हणणे असे की 140 नंबरचे जाड ऑइल भरले की आवाज जाईल. हे काम घरी करता येईल का, आणि ऑइल कोणते घ्यावे?

साताऱ्याचे गॅरेज:
काम घरी होण्यासारखे आहे. मात्र ऑइल काढण्याचा खालचा ड्रेन प्लग उघडण्याआधी ऑइल भरण्याचा वरचा फिलर प्लग सुटतो याची खात्री करून घ्यावी, कारण जुन्या गाड्यांत तो गंजून घट्ट बसलेला असतो आणि ऑइल काढून टाकल्यावर तो हललाच नाही, तर गाडी रिकाम्या हाउसिंगसह, म्हणजे डिफरेन्शिअलच्या रिकाम्या डब्यासह, जागेवरच अडकते. त्यानंतर गाडी थोडी फिरवून आणावी. गरम ऑइल पातळ होऊन तळचा गाळही सोबत घेऊन येते. काही हाउसिंगना ड्रेन प्लग नसतोच. अशा वेळी मागच्या झाकणाचे वरचे एक-दोन बोल्ट नुसते सैल करून बाकीचे काढावेत, झाकण खालच्या बाजूने सोडवावे, आणि बसवताना दोन्ही पृष्ठे कोरडी पुसून नवे गॅस्केट किंवा पुस्तिकेत सांगितलेला सीलंट वापरावा.

भरताना गाडी सपाट जागेवर हवी. फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेवरून ऑइल ओघळू लागले की थांबायचे. केवळ मागची बाजू उचलून भरल्यास ही पातळी चुकते. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबू नये, हे वेगळे सांगायला नको.

जुना अभियंता:
ऑइलविषयी थोडे सविस्तर लिहितो. अशा डिफरेन्शिअलमध्ये बहुधा असणाऱ्या हायपॉइड रचनेत पिनियनचा (फिरवणाऱ्या लहान गिअरचा) अक्ष क्राऊनच्या (मोठ्या गिअरचक्राच्या) मध्यातून न जाता बहुधा खालून जातो. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, तर मोठ्या दाबाखाली घासत सरकतात. तिथे साध्या ऑइलचा थर टिकत नाही, म्हणून गंधक-फॉस्फरसयुक्त घटक असलेले जीएल-5 दर्जाचे (गिअर ऑइलच्या प्रतवारीतील जास्त दाबासाठीचे) ऑइल लागते. उरलेले ऑइल गिअरबॉक्समध्ये मात्र ओतू नये, कारण जीएल-4 साठी बनलेल्या गिअरबॉक्समधील पितळी सिंक्रोनायझर रिंगांना (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) त्यातील काही घटक अपायकारक ठरू शकतात. ऑइलच्या जाडीबाबत (व्हिस्कॉसिटी) पुस्तिका 80डब्ल्यू-90 हा ग्रेड सांगत असेल तर तेच घ्यावे. जाड ऑइलने आवाज दबेल, झीज भरून येणार नाही.

साताऱ्याचे गॅरेज:
140 ला सरसकट नावे ठेवणे मला पटत नाही. उन्हाळ्यात पूर्ण भार घेऊन घाट चढणाऱ्या गाड्यांसाठी काही उत्पादक स्वतःच 85डब्ल्यू-140 सुचवतात. आवाज लपवण्यासाठी ते भरू नये, एवढे मान्य.

निघालेले ऑइल मात्र फेकण्याआधी नीट पाहावे. प्लगला चुंबक असल्यास त्यावरचा राखाडी, मऊ लेप ही नेहमीची झीज असते; बोटाला टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा निघाला तर हाउसिंग उघडावेच लागेल. ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी गेले आहे. हाउसिंगवरचा ब्रीदरही (आतली हवा बाहेर सोडणारे छोटे तोंड) काढून साफ करावा, कारण तो बुजला की आतली गरम हवा वाट शोधत सीलमधून ऑइल बाहेर ढकलते, आणि ॲक्सलच्या सीलमधून निघालेले ऑइल थेट ब्रेक ड्रममध्ये उतरते.

जुना अभियंता:
आवाजाबद्दल एक खूण: ॲक्सिलरेटर दाबता-सोडता सूर बदलत असेल तर संशय पिनियनचे बेअरिंग किंवा दातांच्या जुळणीवर घ्यावा, आणि वळणावर एका बाजूला भार गेला की बदलत असेल तर आधी चाकाचे बेअरिंग तपासावे.

निफाडचा शेतकरी:
दोघांचेही आभार. काम झाले. ऑइल डांबरासारखे काळे होते, पण दुधाळ नव्हते. चुंबकावर केवळ मऊ लेप होता आणि ब्रीदर मातीने पूर्ण बुजलेला निघाला. पुस्तिकेप्रमाणे 80डब्ल्यू-90 जीएल-5 भरले आहे. गुणगुण अजून तशीच आहे, त्यामुळे द्राक्षांचा हंगाम उरकला की पिनियनचे बेअरिंग तपासून घेणार आहे. तोपर्यंत क्रेट कमी भरतो.