मदत हवी आहे : नवीन लेपर्ड गेको काहीच खात नाही (नाशिक)

नमस्कार मंडळी. नुकताच एक लेपर्ड गेको (ठिपकेदार पाळीव पाल) घरी आणलाय. वयाने लहानच आहे. आल्यापासून जेवणाकडे ढुंकूनही बघत नाही. मीलवर्म (खाद्य म्हणून मिळणाऱ्या अळ्या) वाटीत ठेवले, संध्याकाळी चिमट्याने रातकिडे समोर हलवून पाहिले. मान वळवतो आणि परत बिळात.

नवीन जागेत आठवडा-दोन आठवडे उपास होऊ शकतो, हे वाचलंय. शेपटीत चरबी साठलेली असते, त्यावर ते तग धरतात म्हणे. शेपटी अजून जाड आहे, डोळे स्वच्छ, पाणी पितो. तरी जीव थाऱ्यावर नाही.

माझा खरा संशय थंडीवर आहे. नाशिकची हिवाळ्यातली रात्र तुम्हाला सांगायला नको, निफाडकडे तर पारा पार उतरतो. हीट मॅट (ऊब देणारी चटई) थर्मोस्टॅटवर आहे, म्हणजे तापमान आपोआप राखलं जातं; त्याच्या पेटीच्या उबदार कोपऱ्यात ३१-३२ अंश दिसतात. पण पहाटे गार बाजू २० च्या खाली जाते. पोटाला ऊब नसेल तर यांना पचत नाही, म्हणून भूक मेली असेल का? रात्री सिरॅमिक हीटर लावू का?

दुसरं, विष्ठा तपासून जंत बघायचे आहेत. नाशिकात सरपटणारे प्राणी बघणारे पशुवैद्य कोणी आहेत का? जवळच्या दवाखान्यात फक्त कुत्री-मांजरी बघतात. आईचं म्हणणं, "पाल ती पाल, भिंतीवर सोड, जेवेल." कृपया तिची बाजू घेऊ नका.

जबरदस्तीने भरवायचं नाही, एवढं ठरवलंय. वजन किती घटलं की आणखी वाट न बघता पशुवैद्याकडे न्यायचं, तेही सांगा.