ओरिएंट एक्सप्रेसमधल्या त्या बारा जणांना पॉयरोने जाऊ द्यायला नको होते

अक्षरवेल (धागाकर्ती)

पुढे अगाथा ख्रिस्ती यांच्या 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस' या कादंबरीचा शेवट उघड केला आहे. ज्यांना ती अजून वाचायची आहे त्यांनी आधी कादंबरी वाचावी आणि मगच या चर्चेत यावे, ही मनापासून विनंती.

१९३४च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेली ही कादंबरी मी शाळेत असताना पहिल्यांदा वाचली, तेव्हा शेवटच्या पानावर मला फार समाधान वाटले होते. तीन वर्षांच्या मुलीला पळवून नेणारा, खंडणी घेऊनही तिचा जीव घेणारा आणि पैशाच्या जोरावर न्यायालयातून सुटलेला माणूस मारला गेला होता. त्याला मारणारे मोकळे राहिले होते आणि तेच योग्य होते, असे माझे ठाम मत होते. गेल्या महिन्यात ती पुन्हा वाचली आणि ते समाधान काही केल्या परत आले नाही.

कथानक थोडक्यात असे. इस्तंबूलहून कॅलेकडे निघालेली सिम्प्लॉन ओरिएंट एक्सप्रेस युगोस्लाव्हियात व्हिंकोव्हत्सी आणि ब्रोद या स्थानकांच्या मध्ये बर्फात अडकते. सकाळी रॅचेट नावाचा श्रीमंत अमेरिकी प्रवासी आपल्या कंपार्टमेंटमध्ये मृतावस्थेत सापडतो आणि त्याच्या अंगावर चाकूचे बारा घाव असतात. हा रॅचेट म्हणजे छोट्या डेझी आर्मस्ट्राँगचा खुनी कॅसेटी आहे, हे त्याच गाडीतून प्रवास करणारा गुप्तहेर पॉयरो शोधून काढतो. त्या डब्यातले प्रवासी एकमेकांना अनोळखी असल्याचे भासवत असले, तरी प्रत्येक जण त्या उद्ध्वस्त झालेल्या घराशी जोडलेला आहे. कोणी डेझीची आजी आहे, कोणी तिची दाई, कोणी घरचा ड्रायव्हर, कोणी स्वयंपाकीण, तर कोणी तिच्या वडिलांचा मित्र. शेवटी पॉयरो सर्वांसमोर दोन उलगडे मांडतो. एकात बाहेरचा कोणी इसम गाडीत चढून खून करून उतरून जातो, तर दुसऱ्यात या बारा जणांनी मिळून खून केलेला असतो. रेल्वे कंपनीचे संचालक बूक पहिला उलगडा खरा मानतात, प्रेत तपासणारे डॉक्टर त्यांना दुजोरा देतात आणि पॉयरो प्रकरणातून बाजूला होतो.

बारा हा आकडा ज्यूरीचा आहे आणि कादंबरीही ते स्पष्ट बोलून दाखवते. माझा पहिला आक्षेप इथेच आहे. ज्यूरी म्हणजे नुसती बारा डोकी नव्हेत. ज्यूरीत बसणाऱ्याचा आरोपीशी किंवा पीडिताशी संबंध नसावा लागतो आणि आरोपीच्या बाजूने कोणीतरी बोलावे लागते. इथे बाराच्या बारा जण पीडितांच्या बाजूचे आहेत आणि आरोपीला गुंगीचे औषध पाजून झोपवलेले आहे. त्याच्या उशीखाली पिस्तूल होते, पण ते हातात घेण्याइतकीही शुद्ध त्याला नव्हती. कर्नल आर्बथनॉट हा हिंदुस्थानातून परतणारा लष्करी अधिकारी चौकशीत पॉयरोला सांगतो की माणसांनी एकमेकांना भोसकत सुटणे बरे नव्हे, ज्यूरीसमोरचा खटला हीच चांगली पद्धत आहे. हे वाक्य आपण पहिल्या वाचनात सहज ओलांडून जातो. दुसऱ्या वाचनात मात्र ते बोलणाऱ्या माणसाने आदल्याच रात्री चाकू चालवलेला असतो, हे आपल्याला ठाऊक असते.

दुसरी गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. आर्मस्ट्राँग कुटुंबाकडे एक तरुण मोलकरीण होती. तिचा अपहरणात हात आहे अशी पोलिसांची खात्री झाली होती. ती परोपरीने नाही म्हणत राहिली, कोणी विश्वास ठेवला नाही आणि तिने खिडकीतून उडी मारून जीव दिला. ती पूर्णपणे निर्दोष होती, हे नंतर सिद्ध झाले. खात्री किती चुकू शकते याचा पुरावा या प्रकरणाच्या पोटातच आहे आणि तरीही त्या मुलीसाठी रडणारी माणसे स्वतःच्या खात्रीवर चाकू उचलतात.

आणि पॉयरो? खुनाच्या आधी रॅचेट त्याच्याकडे येतो, आपल्या जिवाला धोका आहे असे सांगतो आणि संरक्षणासाठी वीस हजार डॉलर देऊ करतो. पॉयरो नकार देतो, आणि कारण विचारल्यावर तुमचा चेहरा मला आवडत नाही असे तोंडावर सांगतो. तेव्हा रॅचेट खरा कोण आहे याची त्याला काहीही कल्पना नव्हती. जिवाच्या भीतीने आलेल्या माणसाला चेहऱ्यावरून परत पाठवणारा हा माणूस शेवटी त्याच्याच मृत्यूचा निवाडा करण्यास योग्य आहे का?

सांजवाचक

आपण फार बारकाईने वाचले आहे, पण मी आपल्याशी पूर्णपणे असहमत आहे.

कॅसेटीवर खटला भरला गेला होता, ही गोष्ट आपल्या मांडणीत एका ओळीत निघून गेली. पैसा आणि बड्या लोकांवरचा छुपा दबाव वापरून, तांत्रिक त्रुटीच्या आधारे तो सुटला. म्हणजे आर्मस्ट्राँग कुटुंबाने कायद्याचा दरवाजा ठोठावलाच नाही असे झालेले नाही. तो दरवाजा उघडला आणि आतल्या लोकांनी गुन्हेगाराला मागच्या बाजूने वाट करून दिली. डेझी गेली, धक्क्याने तिची आई आणि पोटातले बाळ गेले, वडिलांनी स्वतःवर गोळी झाडली आणि आपण म्हणता ती मुलगीही गेली. एवढे सगळे झाल्यावर या माणसांना आणखी किती वाट पाहायला सांगायची?

त्या मोलकरणीचा आपण दिलेला दाखला मला उलट्या बाजूने महत्त्वाचा वाटतो. डब्याचा कंडक्टर पियेर मिशेल हा तिचा बाप आहे. खोट्या संशयाची किंमत काय असते हे त्या गाडीत त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नाही, आणि तरीही तो या बारांपैकी एक आहे. शिवाय रॅचेटचा सेक्रेटरी मॅक्क्वीन हा ज्या सरकारी वकिलाने तो खटला चालवला त्याचा मुलगा आहे. म्हणजे यांची खात्री ऐकीव गोष्टींवर उभी नव्हती. पोलिसांनी त्या मुलीवर घेतलेला संशय आणि या बारांचे ज्ञान यांना एकाच पारड्यात टाकणे अन्यायाचे आहे.

मिसेस हबर्ड म्हणून वावरणारी लिंडा आर्डन, म्हणजे डेझीची आजी, शेवटी काय म्हणते तेही विसरू नये. सगळा दोष माझ्या एकटीवर घ्या, बाराही घाव मी आनंदाने घातले असते, बाकीच्यांना यात ओढू नका, असे ती पॉयरोला विनवते. सूडाने आंधळा झालेला माणूस असे बोलत नाही.

रूळांवरचा वाचक

मला दोन्ही बाजूंपेक्षा वेगळे सुचवायचे आहे. ही कादंबरी तिच्या काळातल्या रहस्यकथेच्या नियमांना दिलेले उत्तर आहे. अमेरिकी रहस्यकथाकार एस. एस. व्हॅन डाइन यांनी १९२८ मध्ये रहस्यकथेचे वीस नियम लिहिले होते. खून कितीही होवोत, गुन्हेगार एकच असला पाहिजे, असा त्यांतला एक नियम आहे. ख्रिस्तीबाईंनी खून एकच ठेवला आणि गुन्हेगार बारा केले. एकदा हे ठरल्यावर शेवट दुसरा कोणता असणार होता? बारा जणांना बेड्या घालून ब्रोदच्या फलाटावर उतरवले असते, तर ती वेगळीच कादंबरी झाली असती. तेव्हा पॉयरोच्या निर्णयाकडे नीतिशास्त्राचा प्रश्न म्हणून पाहण्यापेक्षा रचनेची गरज म्हणून पाहावे.

गाडीबद्दल एक माहिती. १९२९ मध्ये ओरिएंट एक्सप्रेस तुर्कस्तानात चेर्केझकॉयजवळ खरोखरच बर्फात अडकून पडली होती. १९३१च्या डिसेंबरात स्वतः लेखिका इराकमधल्या निनव्हेहून परतताना याच गाडीत होत्या आणि पावसाने रूळ वाहून गेल्यामुळे त्यांचा प्रवास रखडला होता. सहप्रवाशांची वर्णने त्यांनी तेव्हा पतीला पत्रातून कळवली होती. डब्यातली माणसे इतकी जिवंत का वाटतात, याचे उत्तर मला त्या रखडलेल्या प्रवासात सापडते.

अक्षरवेल

@रूळांवरचा वाचक, रचनेची गरज मान्य आहे, पण तीवर प्रश्न संपत नाही. लेखिकेला पॉयरोकडून दुसरा उलगडा न बोलवताही कादंबरी संपवता आली असती, किंवा त्याला पोलिसांची वाट पाहायला लावता आले असते. त्यांनी मुद्दाम निवड करण्याचा प्रसंग लिहिला. निवड दाखवली की तिचे मोल करण्याचा अधिकार वाचकाला मिळतो.

फिर्यादीची बाजू

मी मुंबईत वकिली करतो आणि माझे लक्ष या संपूर्ण कादंबरीत डॉ. कॉन्स्टंटाइन या एका माणसावर खिळले आहे.

पॉयरो पहिला उलगडा मांडतो, तेव्हा सर्वात मोठा विरोध हा डॉक्टरच करतो. रॅचेटच्या खिशातले घड्याळ सव्वा वाजता बंद पडले होते. पॉयरो म्हणतो की गाडी मध्य युरोपीय वेळेच्या पट्ट्यात आल्यावर रॅचेट घड्याळ एक तास मागे घ्यायला विसरला असेल, म्हणजे खून सव्वाबारालाच झाला आणि खुनी व्हिंकोव्हत्सीला उतरून गेला. डॉक्टर ताडकन सांगतो की हे टिकणारे नाही, यात बारीकसारीक कितीतरी विसंगती आहेत. पॉयरो त्याला एवढेच सांगतो की ही शक्यता इतक्या लवकर टाकून देऊ नका, कदाचित पुढे ती तुम्हाला पटेल. आणि तसेच होते. दुसरा उलगडा ऐकल्यावर तोच डॉक्टर म्हणतो की वैद्यकीय पुराव्याबाबत आपण काही भलतेच तर्क केले होते.

ज्या तज्ज्ञाने प्रेत तपासले, तो आपली साक्ष बदलायला तयार होतो. भावनेच्या पुरात हे आपल्याला उदात्त वाटते. पण ज्या दिवशी डॉक्टर आपल्याला योग्य वाटणाऱ्या निकालासाठी साक्ष बदलू लागतात, त्या दिवशी कॅसेटीसारखे लोक सुटणे अधिक सोपे होते. कॅसेटी सुटला तोही कोणीतरी कुठेतरी वाकल्यामुळेच.

ज्यूरीचा विषय निघाला आहे म्हणून मुंबईतल्या नानावटी या नौदल अधिकाऱ्यावरच्या खुनाच्या खटल्याची आठवण करून देतो. १९५९ साली सत्र न्यायालयातल्या नऊ जणांच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवले. लोकांची सहानुभूती उघडपणे त्यांच्या बाजूने होती. सत्र न्यायाधीशांना तो कौल पुराव्याशी विसंगत वाटला आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तिथे शिक्षा झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्या निकालाबद्दल कोणाचे मत काहीही असो, ज्यूरीच्या वर तपासणारे कोणीतरी होते. ओरिएंट एक्सप्रेसमधल्या बारांच्या वर कोणीच नव्हते. जो एकमेव माणूस त्या जागी उभा राहू शकत होता, तो बाजूला झाला.

सांजवाचक

@फिर्यादीची बाजू, डॉक्टरबद्दलचा आपला मुद्दा मी यापूर्वी कधीच विचारात घेतला नव्हता आणि तो मला बोचला, हे कबूल करतो. तरीही एक विचारतो. ब्रोदला पोलिस आले असते, तर पुढे नेमके काय झाले असते? मेलेला अमेरिकी, मारणारे निरनिराळ्या देशांचे, जमीन युगोस्लाव्हियाची आणि मूळ गुन्हा अटलांटिकच्या पलीकडचा. ज्या पुराव्याने कॅसेटीचे कृत्य सिद्ध होत होते तो परक्या भाषेतल्या न्यायालयात कोणी मांडला असता? एका पोरीच्या खुन्यासाठी बारा दुःखी माणसे फासावर किंवा तुरुंगात गेली असती. यालाच आपण न्याय म्हणणार असाल, तर त्या शब्दाबद्दल आपली समजूत वेगळी आहे एवढेच मी म्हणेन.

जुनी पाने

या कादंबरीमागे एक खरे दुःख आहे, त्याचा उल्लेख अजून कोणी केला नाही. १ मार्च १९३२ रोजी विमानवीर चार्ल्स लिंडबर्ग यांच्या वीस महिन्यांच्या मुलाला न्यू जर्सीतल्या घरातून पळवून नेले गेले. पन्नास हजार डॉलरची खंडणी दिली गेली, पण मूल परत आले नाही. मे महिन्यात त्याचे प्रेत सापडले. त्याच्या आजोळी काम करणारी व्हायलेट शार्प ही मोलकरीण पोलिसांच्या वारंवार होणाऱ्या चौकशीने खचली आणि जून महिन्यात तिने विष घेतले. तिचा गुन्ह्याशी संबंध नसल्याचे नंतर स्पष्ट झाले. कादंबरीतली ती मुलगी कुठून आली, हे यावरून लक्षात येईल.

मला इथे तारखांचा क्रम महत्त्वाचा वाटतो. कादंबरी जानेवारी १९३४ मध्ये आली आणि ब्रूनो हाउप्टमन या संशयिताला अटक झाली ती त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. म्हणजे पुस्तक लिहिले आणि वाचले जात होते तेव्हा खरा गुन्हेगार मोकळा होता, त्याला नाव नव्हते, चेहरा नव्हता. ख्रिस्तीबाईंनी त्याला चेहरा दिला आणि बर्फात अडकलेल्या गाडीत त्याला शिक्षाही दिली. म्हणून हा शेवट मला न्यायाचा सिद्धान्त वाटत नाही, तर शोकात असलेल्या लोकांची इच्छा वाटते आणि तिच्याकडे मी त्याच ममतेने पाहते.

अक्षरवेल

@जुनी पाने, ही तारखांची मांडणी मी जपून ठेवणार आहे. पण हाउप्टमनला १९३६ मध्ये मृत्युदंड झाला आणि तोच खरा गुन्हेगार होता का यावर त्यानंतरही वाद होत राहिले. प्रत्यक्षात नाव आणि चेहरा मिळाल्यावरही माणसांची खात्री पटली नाही. कादंबरीत ती इतक्या सहज पटते, कारण लेखिका आपल्याला तसे सांगते.

@सांजवाचक, मिशेलबद्दल आपण लिहिले ते वाचून मी बराच वेळ थांबले. तो बाप आहे हे मला ठाऊक होते, पण त्याच्याकडे मी त्या नजरेने पाहिले नव्हते. तरी मला पुन्हा त्या घावांकडे यावेसे वाटते. डॉक्टर प्रेत तपासतो तेव्हा गोंधळून जातो. काही घाव खोल आहेत, काही नुसते ओरखडे आहेत. काहींतून रक्तच आलेले नाही, म्हणजे ते मेल्यानंतर घातलेले असावेत. एखादा डाव्या हाताने घातल्यासारखा आहे. कोडे म्हणून हे अप्रतिम आहे, पण त्या ओरखड्यामागचा हात डोळ्यांपुढे आणून पाहा. अंधारातल्या त्या कंपार्टमेंटमध्ये एका माणसाने चाकू उचलला आणि त्याच्याने तो आत खुपसवला नाही. त्या बारांतही कोणीतरी शेवटच्या क्षणी कचरले होते. त्या कचरण्याबद्दल पॉयरो एक शब्दही विचारत नाही.

सांजवाचक

तो ओरखडा मी अशक्त हाताचा समजत होतो, कचरलेल्या हाताचा असू शकेल असे कधी वाटले नाही. माझे मत बदललेले नाही, पण या रविवारी तो प्रसंग पुन्हा वाचणार आहे.

आपल्या बाजूने जाणारी एक गोष्ट मीच सांगतो. १९७४च्या चित्रपटात शेवटी सगळे जण शॅम्पेनचे प्याले एकमेकांच्या प्याल्यांना टेकवतात आणि प्रेक्षकही त्यांच्याबरोबर सुटकेचा श्वास घेतो. २०१०च्या दूरचित्रवाणी आवृत्तीत डेव्हिड सुशे यांचा पॉयरो आधी त्या प्रवाशांवर संतापतो, कायदा मोडून पडला तर काय उरेल असे ओरडून विचारतो आणि अखेरीस हातात जपमाळ धरून, डोळ्यांत पाणी आणून बर्फातून एकटाच चालत जातो. मी दोन्ही पाहिले आहेत. आवडतो मला पहिला शेवट, पण आठवणीत राहिला आहे तो दुसरा.