मदत हवी आहे: सड्यावरची कातळशिल्पं बघायला येणाऱ्यांची सोय कशी लावावी?

नमस्कार मंडळी. आमचं गाव राजापूर तालुक्यात, सड्याच्या (जांभ्या दगडाच्या उघड्या पठाराच्या) कडेला. 2022 मध्ये कोकणातली कातळशिल्पं (सड्याच्या दगडात कोरलेली प्राचीन चित्रं) युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, तेव्हापासून गणपतीपुळ्याला आलेली माणसं वाट वाकडी करून कशेळीचा हत्ती (लांबी सुमारे 18 मीटर!) आणि देवाचे गोठण्यात होकायंत्राची सुई कशी भरकटते ते बघायला येतात. त्यातली काही आमच्याकडेही वळतात. आनंदच आहे. पण बूट घालून थेट चित्रावर चालतात, फोटोत रेषा उठाव्यात म्हणून पांढरी पूड ओततात. भाद्रपदात तर सीतेची आसवं ही इवली रानफुलं फुललेली असतात, त्यावरच चटई अंथरून डबे सोडतात.

बचत गटाच्या बायका घावणे, कुळथाची पिठी, सोलकढी द्यायला तयार आहेत. दोन पोरं माहिती सांगायला तयार आहेत. अडलंय ते जमिनीपाशी. सातबारावर सतरा नावं, निम्मी मुंबईला. साताऱ्याजवळच्या कास पठारावर प्रवेश शुल्क आणि रोजची मर्यादा आहे, पण तिथं वनखात्याची जमीन. आमची सामाईक आणि खाजगी.

तर, सामाईक जमिनीवर ग्रामपंचायत आणि मालक यांच्यात करार कुणी केलाय का? पावती कुणाच्या नावानं फाडता? उक्षी गावातल्या कातळशिल्पाभोवती आहे तसा कठडा बांधायचा तर परवानगी पुरातत्त्व खात्याकडून घ्यायची की तहसीलदारांकडून? कराराचा मसुदा असेल तर कृपया पाठवा. आणि हो, "रिसॉर्टवाल्याला देऊन टाका" हा सल्ला नको, तो घरातच रोज मिळतो.