अर्धी माती, अर्धं पाणी: बेडकांच्या टाकीचा चिखल झालाय
दोन फुटी टाकीत फायर-बेलीड टोडची (लालसर पोटाचे, पाण्यात-जमिनीवर राहणारे छोटे बेडूक) जोडी आहे. मध्ये काचेची पट्टी चिकटवून एकीकडे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलं. आठवड्यात त्याचा लगदा झाला, पाणी काळ्या चहासारखं. त्यात आपलं सोलापूरचं ऊन! काय करू?

— सिलिकॉनचा सांधा झिरपतोय बघा. पुन्हा लावून पूर्ण सुकू द्या. कोकोपीटखाली दोन इंच गोटे, मध्ये मच्छरदाणीचा तुकडा. आणि चढायला चपट्या दगडांचा उतार हवाच. माझा एक रात्रभर पोहत राहिला बिचारा. बारीक खडी नको, किड्याबरोबर गिळतात.

— नळाचं पाणी थेट ओतू नका, कातडीतून क्लोरीन आत जातं. ड्रममधलं शिळं पाणी वापरा, साठवतोच की आपण! मे महिन्यात टाकी फरशीवर, भोवती ओली जुनी चादर अन् पंखा. कोरड्या हवेत पाणी चांगलंच गार होतं.

— चादरीला तोटा नाही हो! रविवारी सांधा खरवडतो.