कॉक्रोचडीबी: फॉर अपडेट लावूनही ४०००१ का येतो?

प्रश्न: कॉक्रोचडीबी (अनेक नोडवर, म्हणजे सर्व्हरवर, पसरलेला डेटाबेस) वापरतो. खात्यातली शिल्लक 'सिलेक्ट फॉर अपडेट'ने (वाचतानाच रो लॉक करणारी क्वेरी) वाचून रक्कम वजा करतो. लोड वाढला की तरीही ४०००१ (ट्रान्झॅक्शन पुन्हा चालवा असं सांगणारा एरर कोड) येऊन ट्रान्झॅक्शन पडतं. रो लॉक असताना असं का?

उत्तर १: सिरियलायझेबलमध्ये (ट्रान्झॅक्शन जणू एकामागून एक चालल्यासारखा निकाल देणारी पातळी) मूळ सेटिंगला हे लॉक लीजहोल्डरच्या, म्हणजे त्या डेटाची वाचनं-लेखनं सांभाळणाऱ्या नोडच्या, मेमरीत असतं. लीज, म्हणजे ही जबाबदारी, दुसऱ्या नोडवर गेली की लॉक हरवू शकतं. डेटा मात्र बिघडत नाही. कमिटआधी वाचन पुन्हा तपासलं जातं, फसलं तर ४०००१. ट्रान्झॅक्शन पहिल्या वाचनापासून पुन्हा चालवा, दर प्रयत्नाआधी थांबायचा वेळ वाढवत. नुसतं अपडेट परत पाठवलंत तर हिशेब जुन्या शिल्लकीवरच.

उत्तर २: आधी साधं सिलेक्ट तर नाही ना? पहिलंच वाचन लॉकसह हवं, नाहीतर लॉक लागेपर्यंत रो बदलू शकते.

उत्तर ३: मुळात वाचायचंच कशाला? 'शिल्लक >= रक्कम' अटीसह एकच अपडेट द्या. शून्य रो बदलल्या तर शिल्लक अपुरी किंवा खातंच नाही.